पेटी विकण्याआधी

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. या भागात भजनाची पेटी कित्येक घरांत वाडवडिलांपासून चालत आलेली असते. भाता फाटला, एखादी पट्टी बसली, की ती कवडीमोलानं विकली जाते. हळहळ मागाहून लागते. खरं तर पेटीचा जीव तिच्या पितळी सुरांत असतो. भात्याची हवा लागली की सुराची जीभ थरथरते. ती टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. भाता नवा बसवता येतो. जुने जर्मन सूर मात्र जाणकार आजही शोधत फिरतात. म्हणून विकण्याआधी पेटी कारागिराकडून उघडून बघावी. आजोबांच्या पेटीचा आवाज नव्या पेटीत सापडेलच असं नाही.