पत्रा कापा, पण डोळा सांभाळा

गाडीला नवे स्पीकर बसवून घेण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही हमरस्त्यालगत अशी दोन-चार दुकाने दिसतात. गाडीत कोणते संगीत लावावे हे सांगणे माझे काम नव्हे. पण स्पीकरसाठी कधी दरवाजाचा, कधी मागच्या काचेखालचा पत्रा कापावा लागतो आणि त्या कापाकापीत जखमी झालेले हात आणि डोळे माझ्या दवाखान्यात येतात. इतक्या वर्षांच्या अनुभवाने जखम पाहिली की हत्यार कोणते होते, हे बहुधा ओळखता येते. म्हणून आज हत्यारांची निवड डॉक्टरच्या बाजूने पाहू.

आधी विचारा : कापायलाच हवे का?

बऱ्याच गाड्यांच्या दरवाजात स्पीकरची जागा कारखान्यातच ठेवलेली असते. स्पीकर थोडा लहान-मोठा असेल तर मधे बसवायची कडी मिळते. तिने काम भागत असेल तर पत्र्याला हात लावू नये. कापावेच लागले तर आधी बॅटरीची ऋण तार काढावी आणि पत्र्यामागे काय आहे ते पाहावे. तिथे काच, वायरी, पेट्रोलची नळी किंवा एअरबॅगची जोडणी असू शकते. एअरबॅगच्या आसपास कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली काळजी घेतल्याशिवाय काम करू नये.

हत्यार तशी जखम

छिन्नी आणि हातोडा हे सर्वांत स्वस्त आणि डोळ्यासाठी सर्वांत वाईट. लोखंडावर लोखंड आपटले की टाचणीच्या टोकाएवढा कपचा गोळीसारखा उडतो आणि बुबुळ भेदून आत जातो. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून फुललेले असेल तर धोका आणखी वाढतो. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यासाठी छिन्नीची गरजच नाही.

ग्राइंडर झटपट कापतो, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कणच. तो बुबुळावर चिकटतो, सीटच्या स्पंजवर पडला तर आग लावतो. पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा सीएनजी बसवलेल्या गाडीच्या डिकीत ग्राइंडर चालवू नये. इतरत्र वापरायचाच झाला तर झाकण काढू नये, आणि चकतीवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा व मुदत वाचावी. तडा गेलेली चकती फुटते. तिचा तुकडा चेहऱ्यावर बसला तर गावात टाके घालून भागत नाही.

पत्रा कात्रीने ठिणगी उडत नाही. लाल मुठीची डावीकडे वळते, हिरव्या मुठीची उजवीकडे आणि पिवळ्या मुठीची सरळ जाते. गोल भोकासाठी योग्य वळणाची कात्री घेतली तर मनगट वेडेवाकडे करावे लागत नाही. हिची जखम होते ती पत्र्याच्या कडेने, म्हणून जाड हातमोजे घालावेत आणि कापून झाल्यावर लगेच कानस फिरवून धार मारावी. नंतर प्रायमर लावला की कड गंजत नाही.

निबलर पत्र्याचे चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे तोडत जातो. पत्रा वाकत नाही, ठिणग्याही उडत नाहीत. मात्र ते तुकडे अणकुचीदार असतात. हाताने झाडू नयेत, ब्रशने किंवा चुंबकाने गोळा करावेत. जिगसॉला बारीक दातांचे धातूचेच पाते लावावे. मोठ्या दातांचे पाते पत्र्यात अडकते आणि मशीन उसळते.

होल सॉ लहान गोल भोकासाठी चांगला. पण पत्रा आरपार होतानाच तो अडकतो आणि ड्रिल मनगट पिरगाळते. वेग कमी ठेवावा, बाजूची मूठ धरावी. इथे एक गोष्ट उलटी आहे : फिरत्या ड्रिलजवळ सुती हातमोजे, सैल बाही, गळ्यातला रुमाल नको. ते गुंडाळले गेले तर बोटही सोबत जाते.

साध्या कामाला माझी पसंती विचाराल तर कात्री किंवा निबलर. वेळ थोडा जास्त लागतो, एवढेच.

चष्मा कोणाला?

नंबरचा चष्मा पुरेसा नाही, कण बाजूने शिरतो. बाजू झाकणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा. आणि तो कारागिराइतकाच बॅटरी धरून शेजारी उभ्या असलेल्या पोऱ्यालाही हवा. डोळ्यात कण गेला म्हणून येणाऱ्यांत मी असे मदतनीस बरेच पाहिले आहेत. अठरा-एकोणीस वर्षांची मुले. सगळे आयुष्य त्या डोळ्यांवर काढायचे असते. आवाजाचेही तसेच. ग्राइंडरचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. एवढ्या आवाजात दिवसाकाठी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उघड्या कानांनी राहू नये. कानात बोळे घालावेत.

काही झालेच तर

डोळा चोळू नये. मोकळी धूळ स्वच्छ पाण्याने धुवावी. रुतलेला कण काडीने, पदराच्या टोकाने, जिभेने किंवा चुंबकाने काढू नये. बुबुळावरच्या लोखंडाभोवती काही तासांतच गंजाचे वर्तुळ होऊ लागते. ठोकाठोकी करताना डोळ्याला काही लागल्यासारखे वाटले आणि मग दुखणे थांबले, तरीही नेत्रतज्ज्ञाला दाखवा. आत गेलेला कण कधी कधी दुखत नाही, पण काही महिन्यांत दृष्टिपटल निकामी करतो. अशा वेळी पाणीही मारू नये. डोळ्यावर दाब न येईल असे झाकण ठेवून निघावे. दुकानातून परस्पर आणलेले थेंब घालू नयेत.

हात कापला तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून हात वर धरा. हळद, चहापूड, ग्रीस, डिझेल यांतले काही नको. रक्त थांबल्यावर प्रत्येक बोटाचे प्रत्येक पेर वाकते का, टोकाला स्पर्श कळतो का, ते पाहा. नसेल तर स्नायूची दोरी किंवा नस तुटली असू शकते. त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जा.

धनुर्वात गंजामुळे होतो हा समज अर्धवट आहे. त्याचे जंतू माती-शेणात असतात आणि खोल, मळक्या जखमेत वाढतात. चकचकीत नव्या पत्र्याचीही जखम म्हणून सुरक्षित नसते. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर मळक्या जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे, स्वच्छ लहान जखमेसाठी दहा वर्षे झाली असल्यास पुन्हा घ्यावे. पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी ही लस दिली जाते. दर जखमेला इंजेक्शन लागत नाही, म्हणून तारीख लिहून ठेवा.

गाडीमालकांनाही एक विनंती. "अर्ध्या तासात करून द्या" असा तगादा लावला की कारागीर कात्री ठेवतो आणि ग्राइंडर उचलतो. तासभर चहा प्या, पेपर वाचा. आणि काम सुरू होण्याआधी पोऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल आहे की नाही, तेवढे बघा.