शब्दाच्या मागे आणि पुढे

दिल्लीत भारतातील अनेक भाषा शेजारी-शेजारी नांदतात. मराठी माणूस ‘दिल्लीत’ म्हणतो, हिंदी भाषक ‘दिल्ली में’ म्हणतो, तर करोलबागेतील तमिळ घरात ‘दिल्लियिल’ असे ऐकू येते. मजनू का टीला या तिबेटी वस्तीत ‘ला’ हा स्थलवाचक प्रत्ययही नामाच्या मागाहूनच येतो. मराठी व हिंदी आर्यकुळातील, तमिळ द्राविडी, तर तिबेटी तिबेटी-ब्रह्मी कुळातील. पण चौघींचा शिरस्ता एकच. क्रियापद वाक्याच्या अखेरीस आणि संबंध दाखविणारा शब्द नामानंतर.

हा केवळ शेजाराचा गुण असेल काय? ही शंका रास्त आहे. भिन्न कुळांतील भारतीय भाषा सहवासाने एकमेकींसारख्या झाल्या आहेत, हे मरे एमेनो यांनी 1956 साली दाखवून दिले. म्हणून साक्ष दुरून आणावी लागते. जपानी आणि तुर्की यांचा भारतीय भाषांशी असा शेजार नाही. तरी त्यांतही क्रियापद शेवटी येते आणि संबंधदर्शक शब्द नामामागून येतो. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 साली 30 भाषा पडताळून 45 सामान्य विधाने मांडली. त्यांत या जोडीचीही नोंद आहे.

मात्र ही प्रबळ प्रवृत्ती होय, अटळ नियम नव्हे. तिला अपवाद असलेली भाषा दिल्लीच्याच दरबारात शतकानुशतके वावरली. फारसीत क्रियापद अखेरीस येते, पण ‘दिल्लीत’ या अर्थी ‘दर देहली’ असे म्हणतात. ‘दर’ नामाच्या आधी! पेशव्यांचे वकील हिंगणे दिल्लीहून मराठीत पत्रे धाडीत, त्या काळी राज्यकारभाराच्या मराठीत फारसी शब्द विपुल होते. फारसीचा ‘बे’ मराठीत आला, तो नामाआधीचे आपले स्थान राखून. ‘बेघर’ हा शब्द त्यातूनच घडला. परंतु ‘घराविना’ यातील ‘विना’ आपल्या जागेवरून हलला नाही. शब्द उसने मिळाले, तरी रचनेची घडी सहजासहजी मोडत नाही.

ध्वनींचेही असेच आहे. ज्ञात बोलभाषांपैकी प्रत्येकीत स्वर आहेत, आणि क, त, प यांसारखी स्पर्शव्यंजनेही आहेत. म, न हे अनुनासिक वर्णही सर्वत्र असावेत असे वाटते. परंतु बोगनव्हिल बेटावरील रोटोकास भाषेच्या एका बोलीत ते स्वतंत्र वर्ण म्हणून नाहीत. अशा बोली नोंद होण्यापूर्वीच लोपल्या असत्या, तर मानवी भाषेविषयीचे एक चुकीचे विधान सत्य म्हणून रूढ झाले असते.

लहान भाषेचे मोल येथे कळते. मोठ्या शहरात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील पुढची पिढी पुष्कळदा घरची बोली सोडते. तिच्याबरोबर ओव्या, म्हणी, नात्यांची नावे जातात, हे सर्वांना दिसते. मनुष्याची वाणी कोणकोणती रूपे घेऊ शकते, याची एक साक्षही तिच्याबरोबर नाहीशी होते.