लग्नाला जाताय? खण शिवून घ्या

खण आता चोळीपुरता उरलेला नाही. कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला हातमागावर विणलेल्या अस्सल खणाचा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. म्हणून त्याला झळाळी असते, आणि मे महिन्यातल्या मुहूर्तालाही जीव गुदमरत नाही. पन्हा मात्र अरुंद. किती कापड लागेल ते आधी शिंप्याला विचारा. एकरंगी लिननच्या साडीवर खणाचा बंद गळ्याचा ब्लाउज, नाहीतर साध्या कुर्त्यावर बिनबाह्यांचं जाकीट सुरेख दिसतं. काठ जाकिटाच्या पुढच्या कडेला उभा लावून घ्या, सगळी शोभा तिथेच आहे. पुरुषांनाही हे जाकीट शोभतं. पिवळा आणि हिरवा रंग शक्यतो टाळा. पिवळी अष्टपुत्री आणि हिरवा शालू हा नवरीचा मान.