पोलाद वितळायची वाट आग बघत नाही

पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात. जहाज किंवा समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म कोसळायला मात्र त्याच्या निम्म्याहून कमी तापमान पुरतं! ४०० अंशांपर्यंत पोलाद नेटाने उभं राहतं. ६०० ला त्याची निम्मी ताकद गेलेली असते आणि ८०० ला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ॲल्युमिनियम तर त्याहून नाजूक. म्हणून जहाजावरच्या भार पेलणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भिंतीचा गाभा अग्निचाचणीत २०० अंशांहून जास्त चढता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

ताकद जाते हे निम्मंच दुखणं. दहा मीटरची पोलादी तुळई ५०० अंशांनी तापली की सहा-सात सेंटिमीटर लांबते. दोन्ही टोकं जखडलेली असली तर ती जाणार कुठे? ती वाकते आणि वाकताना जिथे आग पोचलेलीच नाही अशा शेजारच्या भागांनाही रेटते. म्हणून एकेका तुळईचं गणित करून भागत नाही, अख्खा सांगाडा संगणकात उभा करावा लागतो.

आगी-आगीतही फरक आहे. इमारतींच्या चाचणीत वापरली जाणारी प्रमाण आग पाच मिनिटांत ५७५ अंशांच्या आसपास पोचते, तर तेल-वायूची आग तेवढ्याच वेळात साडेनऊशेच्या घरात. फुटलेल्या नळीतून दाबाने सुटलेला वायू पेटला की ती ‘जेट फायर’. तिच्या झोतात दर चौरस मीटरला ३०० किलोवॅटच्या आसपास उष्णता आदळते. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक असतो.

या विषयाला खरी निकड आली ती ६ जुलै १९८८ च्या रात्री. उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर वायुगळती होऊन दहाच्या सुमारास स्फोट झाला. तिथल्या भिंती आग अडवण्यासाठी होत्या, स्फोट झेलण्यासाठी नव्हेत, आणि त्या फुटल्या. पाणबुडे पाण्यात असताना पंपाने त्यांना ओढू नये म्हणून अग्निशमनाचे पंप हाताने चालू करायच्या स्थितीत ठेवले होते. स्फोटानंतर त्यांच्यापर्यंत कुणी पोचूच शकलं नाही. वीसेक मिनिटांत शेजारच्या प्लॅटफॉर्मकडून आलेली वायूची मोठी नळी तापून फुटली आणि मग काही हाती राहिलं नाही. माणसं राहण्याच्या भागात सुटकेची वाट पाहत थांबली होती, तो भागच समुद्रात गेला. १६७ जण दगावले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी आल्या. माणसांच्या आसऱ्याची जागा आगीत ठरावीक वेळ टिकलीच पाहिजे, हा आग्रह तिथून रुजला.

आपल्या दाराशीही हे घडलंय. २७ जुलै २००५, मुंबई पाण्याखाली गेल्याचा दुसरा दिवस. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर येईना, म्हणून त्याला ‘मुंबई हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मवर पोचवण्यासाठी जहाज जवळ आलं आणि लाटांनी ते वायूच्या उभ्या नळ्यांवर ढकललं गेलं. नळी फुटून आग भडकली. २२ जण गेले. प्लॅटफॉर्म दोनेक तासांत संपला. ३६२ जण मात्र वाचले, आणि मला या साऱ्या विषयात हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. भर समुद्रात पळायला जागा नसते. पोलाद जितका वेळ उभं राहील, तितकाच वेळ माणसाच्या हाती असतो.

संगणकातलं सिम्युलेशन शोधतं ती हीच मिनिटं. आधी ज्वाळा, धूर आणि वारा यांचं गणित. त्यासाठीचा एफडीएस हा प्रोग्रॅम अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने २००० साली आणला आणि तो आजही फुकट मिळतो (इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनो, ऐकताय ना?). मग प्रत्येक तुळई कोणत्या क्षणी किती तापली, याचा हिशेब. पातळ भाग भराभर तापतो, पाठीशी समुद्राचं पाणी असलेला पत्रा बराच काळ बचावतो. शेवटी नॉर्वेच्या यूएसएफओएससारखा प्रोग्रॅम तुळया एकेक करून निकामी होताना भार कुणाकडे सरकतो ते पाहतो. एक खांब गेला तरी सांगाडा तगणार असेल, तर तिथलं जड अग्निरोधक आवरण वाचवून ते खऱ्या नाजूक जागी देता येतं.

संगणकाचं उत्तर बरोबर कशावरून? त्यासाठी खरीखुरी आग लावतात! अमेरिकी नौदलाने ‘शॅडवेल’ हे दुसऱ्या महायुद्धातलं जहाज अलाबामात मोबीलजवळ खास आगीच्या प्रयोगांसाठी ठेवलं होतं. दक्षिण कोरियात प्राध्यापक जॉम की पाइक यांच्या गटाने पट्ट्यांनी मजबूत केलेले जहाजाचे पत्रे पूर्ण आकारात बांधले, त्यांच्यावर भार दिला आणि ते कोसळेपर्यंत तापवले. एकदा उघडे, एकदा अग्निरोधक आवरणासह. दोन्ही वेळचे निकाल त्यांनी २०२१ च्या सुमारास छापून खुले केले, म्हणजे जगात कुणालाही आपलं सिम्युलेशन त्यांच्याशी ताडून पाहता येतं.