तेरड्याला पाणी: पान पाहून नको, माती पाहून द्या



रेडिओवर ऐकलेली माहिती त्या वेळी पटते, पण चार दिवसांनी किती पाणी आणि कितव्या दिवशी, हे नेमके आठवत नाही. म्हणून तेरड्याच्या पाण्याविषयीची माहिती या पत्रकात एके ठिकाणी दिली आहे. पत्रक जपून ठेवावे आणि घरात परसबाग किंवा फुलांचे वाफे जो कोणी सांभाळत असेल, त्याला वाचून दाखवावे.

तेरडा, म्हणजेच गुलमेंदी, आपल्याला नवी नाही. कोकणात तर तेरड्याची रोपे आणून त्यांचीच गौर मांडतात. आपल्या वाशीम जिल्ह्यात त्याच सुमारास महालक्ष्म्यांचा सण असतो आणि त्या तीन दिवसांत फुलांना चांगली मागणी असते. धुऱ्याजवळच्या किंवा घरामागच्या एखाद्या गुंठ्यात तेरडा घेतला, तर घरच्या पूजेची सोय होते आणि दोन पैसेही हाती येतात. फूल नाजूक आहे, लांबचा प्रवास सोसत नाही. त्यामुळे गावात किंवा तालुक्याच्या बाजारातच ते विकावे लागते. "तेरड्याचा रंग तीन दिवस" असे म्हणतात. ते तीन दिवस नेमके सणाचे असावेत, एवढेच आपल्याला साधायचे आहे.

मात्र ऐन फुलावर आलेला तेरडा पुष्कळदा दोन दिवसांत माना टाकतो. पाणी कमी पडले असे समजून आपण आणखी पाणी देतो आणि झाडे हातची जातात. असे का होते ते आधी समजून घेऊ.

तेरड्याचा स्वभाव

तेरड्याचे खोड मोडून पाहा. ते लाकडासारखे नसते, रसाने भरलेले असते. पाण्याच्या जोरावरच हे झाड उभे राहते. त्याची मुळे फार खोल जात नाहीत, बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीतच असतात. म्हणून वरची माती वाळली की तेरड्याला लगेच कळते. आणि वरच्या मातीत पाणी साचले, तरी सर्वांत आधी त्याचीच मुळे बुडतात.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असली, म्हणजे मूळ नीट काम करते. यालाच आपण वाफसा म्हणतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर मूळ गुदमरते. पुढे त्यावर बुरशी येते आणि मूळकूज सुरू होते.

सातारा जिल्ह्यातील कासचे पठार पुष्कळांनी पाहिले असेल. पश्चिम घाटातील ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतल्या गेल्या, त्यांत कास आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिथे रानतेरड्याचे गुलाबी गालिचे पसरतात. तिथे पाऊस भरपूर पडतो, पण जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि जास्तीचे पाणी उतारावरून वाहून जाते. यातून आपण एवढेच घ्यायचे की तेरड्याला ओल हवी, पण साचलेले पाणी नको.

कोमेजलेले पान

पान कोमेजले म्हणजे झाडाला तहान लागली, असे आपण धरून चालतो. पण पान तीन वेगवेगळ्या कारणांनी कोमेजते.

१. दुपारच्या उन्हाने. पानांतून पाणी जितक्या वेगाने उडते, तितक्या वेगाने मुळे ते ओढू शकत नाहीत. असे झाड संध्याकाळी आपोआप सावरते. त्याला काही करू नये.

२. तहानेने. सकाळी सूर्य उगवतानाही पाने लोंबलेली दिसतात आणि माती कोरडी लागते. अशा झाडाला ताबडतोब पाणी द्यावे.

३. मुळे गुदमरल्याने. सकाळीही पाने लोंबलेलीच असतात, पण माती ओली चिकट लागते. बुडाजवळ खोड काळपट व मऊ पडते. अशा झाडाला पाणी देणे म्हणजे बुडत्याला आणखी खाली ढकलणे होय.

दुपारी बारा वाजता तिन्ही झाडे सारखीच दिसतात. म्हणून तेरड्याची पाहणी सकाळी करावी आणि पाणी देण्याआधी मातीत हात घालावा.

मुठीची परीक्षा

झाडापासून चार बोटे दूर, चार बोटे खोल माती उकरावी. मूठभर माती घेऊन दाबावी.

मातीचा लाडू झाला आणि हाताला चिखल लागला, तर पाणी देऊ नये. लाडू झाला, पण हात स्वच्छ राहिला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर लाडू फुटला, तर वाफसा आहे. त्या दिवशी थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. लाडू होतच नाही, माती भुगा होऊन बोटांतून पडते, तर पाणी द्यावे.

हलक्या बरड जमिनीत लाडू ओल असतानाही नीट होत नाही. तिथे रंग आणि गारवा पाहावा. माती गडद व गार लागली तर ओल आहे, फिकी व कोमट लागली तर पाणी द्यावे.

भारी काळ्या जमिनीत

काळी माती पाणी पुष्कळ धरून ठेवते, पण सोडते सावकाश. झडीच्या पावसात ती फुगते, पोकळ्या बंद होतात आणि वाफ्यात दोन-दोन दिवस पाणी दिसते. अशा जमिनीत सपाट वाफ्यावर तेरडा लावू नये. १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा आणि दोन वाफ्यांमध्ये चर ठेवून त्याचे तोंड उताराकडे काढावे. सोयाबीनसाठी आपण बीबीएफ यंत्राने रुंद वरंबा आणि सरी पाडतो, त्यामागचा विचार हाच आहे.

पावसाने उघडीप दिली आणि माती भेगाळली, तर एकदम पाणी सोडू नये. पाणी भेगांतून खाली निघून जाते आणि मुळांजवळची माती कोरडीच राहते. आधी खुरपणी करून भेगा मोडाव्यात, थोडे पाणी द्यावे आणि ते मुरल्यावर उरलेले द्यावे. उघडिपीत भारी जमिनीला साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पाणी लागते. पण दिवस मोजून पाणी देऊ नये, त्या दिवशी मूठ पाहून ठरवावे.

हलक्या, बरड जमिनीत

इथे उलट प्रकार असतो. पाणी लवकर मुरते आणि ओलही लवकर जाते. एकदम जास्त पाणी दिल्याने उपयोग होत नाही. ते मुळांच्या खाली जाते आणि जाताना खतही घेऊन जाते. म्हणून थोडे-थोडे, पण लवकर-लवकर द्यावे. उघडिपीत एक दिवसाआड पाणी लागते. लावणीपूर्वी चांगले कुजलेले शेणखत मिसळल्यास ओल अधिक टिकते. झाडांच्या ओळींत सोयाबीनच्या कुटाराचे दोन-तीन बोटे जाड आच्छादन घालावे. कुटार खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर खोड ओले राहून कुजते.

बादलीचा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, की पुढचा हिशोब सोपा आहे.

वाफा १ मीटर रुंद व ३ मीटर लांब धरू. ३० सेंटिमीटर अंतराने त्यात सुमारे ३० झाडे बसतात. भारी जमिनीत एका पाळीला १२ ते १५ मिलिमीटर पाणी पुरते, म्हणजे १५ लिटरच्या अडीच ते तीन बादल्या. हलक्या जमिनीत ७ ते ८ मिलिमीटर, म्हणजे दीड बादली. भारी जमिनीतले सुटे झाड असेल, तर त्याला एका पाळीला एक ते दीड तांब्या, म्हणजे एक ते दीड लिटर पाणी पुरे.

आता पाटाच्या पाण्याशी तुलना करून पाहा. एका गुंठ्याला १२ मिलिमीटर पाणी द्यायला सुमारे १,२०० लिटर लागतात. पण पाट फोडून वाफे ५ सेंटिमीटर भरले, तर त्याच गुंठ्याला ५,००० लिटर जातात. चौपट पाणी गेले, विहीर उपसली गेली, आणि काळ्या जमिनीत मूळकुजीला निमंत्रण मिळाले ते वेगळेच. म्हणून तेरड्याला झारीने, पाइपाने हळूहळू किंवा ठिबकने पाणी द्यावे.

पाऊसही मोजता येतो. सरळ कडांचा एक रिकामा डबा उघड्या जागी ठेवावा. पाऊस थांबल्यावर डब्यात एक सेंटिमीटर पाणी दिसले, तर १० मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे वरच्या वाफ्याला दोन बादल्या पाणी मिळाले. तेवढी बादली वाचवावी.

झाडाच्या वयाप्रमाणे

पेरणीपासून फूल येण्यास साधारण दोन महिने लागतात. म्हणून महालक्ष्म्यांच्या तारखेपासून ६५ ते ७० दिवस मागे मोजून बी टाकावे. सण कधी ऑगस्टअखेर तर कधी सप्टेंबरात येतो, तेव्हा पेरणी दरवर्षी त्याप्रमाणे पुढे-मागे करावी.

उगवण होईपर्यंत बारीक झारीने वरची माती फक्त ओलसर ठेवावी. रोपे दोन-चार पानांची असताना पाणी जास्त झाले, तर ती बुडाशी कोलमडून मरतात. लावणीनंतर पहिले आठ दिवस ओल तुटू देऊ नये. कळ्या धरल्यापासून फुले संपेपर्यंत पाण्याचा ताण पडला, तर कळ्या गळतात. जपायचे खरे दिवस हेच आहेत.

पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावे. संध्याकाळी पाने भिजली की रात्रभर ओली राहतात आणि ठिपके पाडणारी बुरशी वाढते. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपात पाणी तापलेले असते. ते आधी बाहेर सोडून द्यावे, मग पाइप झाडाकडे न्यावा.

कुंडीतील व सावलीतील तेरडा

कुंडीतील झाडाची मुळे कुंडीच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यामुळे पाणी कमी-जास्त झाल्याचा परिणाम लवकर दिसतो. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडते, म्हणून ती प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर वाळते. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नये. माती, कुजलेले शेणखत आणि जाड रेती सारख्या प्रमाणात घ्यावी. तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत पाणी द्यावे आणि खालच्या ताटलीत जमलेले पाणी फेकून द्यावे. कुंडी उचलून पाहण्याची सवय ठेवावी. हलकी लागली तर पाणी द्यावे, जड लागली तर थांबावे.

झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत ऊन व वारा कमी लागतो, म्हणून तिथे उघड्या वाफ्यापेक्षा पाणी कमी लागते. मात्र मोठ्या झाडाच्या मुळ्या तिथली ओल ओढून घेतात, तेव्हा तिथेही माती पाहूनच ठरवावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत कुंड्या जाळीच्या सावलीत ठेवाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा माती तपासावी.

रोपवाटिकेत इम्पेशन्स नावाने मिळणारी रोपे तेरड्याच्या नात्यातली, पण परदेशी आहेत. त्यांतला एक प्रकार पूर्व आफ्रिकेतला, दुसरा न्यू गिनी बेटावरचा. ही सावलीची झाडे आहेत. आपल्याकडे ती हिवाळ्यात चांगली राहतात. त्यांची ओल तुटू देऊ नये, पण चिखलही होऊ देऊ नये.

पावसाचा खंड पडला तर

श्रावणात पंधरा-वीस दिवस पाऊस गेला, की विहिरीचे पाणी आधी शेंगा भरणाऱ्या सोयाबीनला द्यावे, हे उघड आहे. त्या वेळी तेरड्याचे सगळे वाफे अर्धवट भिजवण्यापेक्षा कळ्या धरलेले वाफे निवडून तेवढेच पुरते भिजवावेत. भाजी व धान्य धुतलेले पाणी तेरड्याला चालते. साबण-सोड्याचे पाणी घालू नये, त्याने माती बिघडते.

मूळकूज दिसल्यास

पाणी ताबडतोब बंद करावे. चर मोकळे करावेत आणि वाफसा येताच हलकी खुरपणी करावी, म्हणजे मुळांना हवा मिळेल. काळ्या पडलेल्या खोडाची झाडे मातीसकट उपटून दूर पुरावीत, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. पुढच्या वर्षी वाफ्याची जागा बदलावी आणि लावणीपूर्वी शेणखतात ट्रायकोडर्मा पाकिटावरील प्रमाणात मिसळावे. अधिक माहितीसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालय, रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथे विचारावे. जाताना रोगट झाड मुळासकट न्यावे, नुसते पान नेऊ नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

• झाड सकाळी पाहा, दुपारी नको.
• मूठभर माती दाबून पाहिल्याशिवाय पाणी देऊ नका.
• भारी जमीन: उंच वाफा, पाणी उशिरा-उशिरा.
• हलकी जमीन: थोडे पाणी, पण लवकर-लवकर.
• पाणी सकाळी, बुडाशी आणि मोजून द्या.
• माती ओली असून झाड कोमेजले, तर पाणी बंद करून चर उघडा.

मुठीची ही परीक्षा एकट्या तेरड्यापुरती नाही. हळद, मिरची, वांगी, कोणत्याही ओलिताच्या पिकाला ती लागू पडते, फक्त खोल मुळांच्या पिकासाठी माती अधिक खोलून पाहावी लागते. या हंगामात एका वाफ्यावर ती करून पाहा. हाताला सवय झाली, की पाण्याची पाळी ठरवणे सोपे जाईल.

रामराम.