पोळा ते दिवाळी: संत्र्याचे दोन महिने

श्रावणी अमावस्येला पोळा आणि आश्विनी अमावस्येला लक्ष्मीपूजन. अधिक मास आडवा आला नाही तर मधे नेमके दोन महिने. वाशीम जिल्ह्यातल्या संत्राबागायतदाराच्या वर्षाचा निकाल याच दोन महिन्यांत लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबिया बहाराची फळे तेव्हा लिंबाएवढी असतात ती मुठीएवढी होतात, सालीवर पिवळी झाक येते. आणि त्याच वेळी झाडाखाली फळांचा सडा पडू लागतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीनचा म्हणून ओळखला जातो, आणि ते खरेच आहे. पण मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांत फिरले की सोयाबीनच्या सपाट हिरवाईत संत्र्याचे गर्द चौकोन दिसू लागतात. वरुड-मोर्शीसारखा हा सलग संत्रापट्टा नाही. इथे ज्याची बाग असते, त्याचेच सोयाबीनही असते. फळगळीचा विचार करताना ही गोष्ट सगळ्यांत आधी लक्षात घ्यावी लागते, असे मला वाटते.

फळगळ हा एक रोग नाही. झाडाला फळांचा भार पेलवत नाही, ऊन-पावसाचा खेळ चालू राहतो, मुळाशी पाणी साचते, अशा वेळी निरोगी दिसणारे फळही देठापासून सुटते. ही झाडाच्या प्रकृतीची गळ. देठाकडून काळे पडत आलेले फळ बुरशीचे. सालीवर चामड्यासारखा तपकिरी डाग, उग्र वास आणि ओलाव्यात वर पांढरी बुरशी असेल तर तो फायटोफ्थोरा, म्हणजे शेतकरी ज्याला ‘ब्राऊन रॉट’ म्हणतात तो. हा रोग आधी जमिनीलगतच्या फांद्यांवर दिसतो, कारण त्याचे बीज मातीत असते आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून फळावर बसते. फळ दाबल्यावर मऊ लागले आणि फोडल्यावर आत अळ्या वळवळल्या तर ती फळमाशी. आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढे गोल छिद्र असेल तर तो पतंग.

हा पतंग मी एकदा मंगरुळपीर तालुक्यातल्या एका बागेत रात्री पाहिला. सप्टेंबर होता, आभाळ भरलेले, वारा पडलेला. आठ वाजून गेले होते. बागमालकाने बॅटरी फांदीवर धरली आणि पानांच्या काळोखात दोन लालसर ठिणग्या चमकल्या. ते त्याचे डोळे. मिटलेले पंख वाळक्या पानासारखे. हलला तेव्हा खालचे नारिंगी पंख दिसले, त्यांवर काळी नक्षी. सोंड फळात रुतलेली. “हे पाहा भाऊ, सुईनं टोचल्यावानी,” म्हणत मालकाने शेजारचे फळ तोडून दाबले, तर त्या छिद्रातून रसाची बारीक चिळकांडी उडाली. या सोंडेचे टोक कठीण आणि करवतीसारखे असते. छिद्रातून बुरशी शिरते, भोवती पिवळे कडे पडते आणि काही दिवसांत फळ खाली.

पतंगाची गंमत अशी की त्याची अळी संत्र्याला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणजे बागेतला शत्रू धुऱ्यावरच्या आणि नाल्याकाठच्या वेलींवर मोठा होतो. गुळवेल औषधी, ती सरसकट उपटा असे मी म्हणणार नाही. पण बागेला खेटून असलेल्या धुऱ्यावर ती असू नये. संध्याकाळी बागेत ओला काडीकचरा पेटवून धूर करणे, प्रकाश सापळा लावणे, गूळ आणि फळांच्या रसात कीटकनाशक मिसळून विषारी आमिष टांगणे, हे उपाय जुनेच आहेत आणि कामाचे आहेत. दिवसा केलेली फवारणी मात्र रात्री येणाऱ्या, फक्त सोंड खुपसून रस पिणाऱ्या या पाहुण्याला फारशी लागत नाही.

फळमाशीसाठी हेक्टरी २५ मिथाईल युजेनॉलचे सापळे काढणीच्या दोन महिने आधी टांगायचे. ब्राऊन रॉटसाठी दोन ओळींमध्ये चर काढून पाणी बाहेर काढायचे, लोंबत्या फांद्यांना बांबूचे टेकू द्यायचे. प्रकृतीच्या गळीला १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिबरेलिक आम्ल आणि एक किलो युरिया, ही संशोधकांची शिफारस बहुतेकांना तोंडपाठ आहे. अडचण माहितीची नाहीच. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, रिसोड तालुक्यात करड्याचे कृषी विज्ञान केंद्र, नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था.

मग अडते कुठे? गळलेले फळ न पाहता फवारणी होते, तिथे. “गळ लागली” एवढेच सांगून दुकानातून तीन-चार औषधांचा पुडा आणला जातो आणि एकाच टाकीत ओतला जातो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. ती आठवण ताजी असायला हवी. फवारायच्या आधी झाडाखालची वीस फळे उचलावीत, चाकूने कापावीत आणि देठ, साल, गर पाहून ढीग लावावेत. सर्वांत मोठा ढीग ज्याचा, उपाय त्याचा.

आणि उरलेली फळे उचलावीत. बागेतल्या निम्म्या उपायांचे मूळ याच एका कामात आहे. पडलेल्या फळातली फळमाशीची अळी मातीत शिरून कोष करते, बुरशी पुढच्या पावसाची वाट पाहते, आणि कुजक्या रसाच्या वासाला पतंग येतात. फळे गोळा करून दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पुरली, वर मातीचा जाड थर दिला, की हे चक्र तुटते. सगळ्यांना ठाऊक असलेले आणि सगळ्यांत कमी होणारे काम हेच.

कारण त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी येते. सप्टेंबरअखेरपासून गावात मजूर मिळत नाही. जो तो सोंगणीच्या हुंड्यात, म्हणजे ठेक्यात. परतीचा पाऊस डोक्यावर, शेंगा भिजल्या तर दाणा काळा पडणार. अशा वेळी सडकी संत्री वेचायला कोण बाई येईल, आणि तिला त्याचे पैसे द्यायला मालकाचे मन कसे होईल? सोयाबीन घरात येईपर्यंत पंधरा-वीस दिवस बाग वाऱ्यावर असते. वाशीमची फळगळ या पंधरवड्यात वाढते, आणि शिफारशींच्या पत्रकात हा पंधरवडा कुठेच नसतो. याच चिंतेत बाग हिरवी असतानाच व्यापाऱ्याला उक्ती दिली जाते. अजून महिनाभर झाडावर राहिले तर काय उरेल, या भीतीपोटी पडेल तो भाव घेतला जातो. एरवीही बाजार नरम आहे. नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत २०२३ मध्ये किलोला ८८ बांगलादेशी टक्यांवर नेले. त्यात साखर न भरलेले आंबट फळ दसऱ्यालाच मंडईत आले की खाणाराही पुन्हा हात आखडता घेतो. आंबियाचे फळ चवीला येते ते रंग फुटल्यावर, गोडी मोजणाऱ्या यंत्रावर दहाच्या आसपास आकडा आल्यावर. तोवर ते झाडावर टिकवणे म्हणजेच काढणीची वेळ साधणे. कीड-रोग आणि काढणी ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत.

यावर एक वाट मला काही बागांत दिसली. ऊन चढले की सोयाबीनच्या शेंगा तडकतात, म्हणून सोंगणी पहाटे सुरू होते आणि दुपारी थांबते. त्या थांबलेल्या दुपारी दोन बाया आठवड्यातून दोनदा बागेत फिरल्या, एका बाजूने वेचत दुसरीकडे निघाल्या, तरी चार-पाच एकरांची बाग हाताखाली राहते. मजुरी सोंगणीच्या हिशेबातच धरायची, वेगळी काढली की ती खर्च वाटते. खड्डा पोळ्याच्या आधीच खणून ठेवायचा, नंतर तो होत नाही.

काढणीचेही घड्याळ उलटे आहे. सोयाबीनला दव हवे असते, ओल्या शेंगा फुटत नाहीत. संत्र्याला दव चालत नाही. ओल्या फळाला हात लागला की सालीतले तेल फुटते आणि दोन दिवसांत डाग उमटतात. ओढून तोडले तर देठाजवळची साल निघते, म्हणून कात्री. दिवाळीनंतरच्या सकाळी तोडणीची माणसे क्रेट उतरवून धुऱ्यावर बसतात, चहा घेतात आणि झाडांवर ऊन येण्याची वाट पाहतात. दहाच्या सुमाराला कोणीतरी उठतो, एका फळावरून बोट फिरवतो, आणि बोट कोरडे निघाले की कात्री हातात घेतो.