विश्लेषण : ना मोबाइल, ना नेटवर्क, फासे टाकून गोष्ट रचण्याचा खेळ घरात कसा खेळतात?

'स्ट्रेंजर थिंग्ज' ही वेब मालिका पाहिलेल्यांना पहिल्या भागातील ते दृश्य आठवत असेल. तळघरात चार मुले टेबलाभोवती बसली आहेत, फासे टाकत आहेत आणि समोर नसलेल्या राक्षसाला घाबरून ओरडत आहेत. तो खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अशा खेळांना 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. १९७४ पासून हे खेळ बाजारात आहेत आणि तेव्हाचे खेळाडू आता आजी-आजोबा झाले आहेत. त्यामुळे हा खेळ मित्रांच्या टोळक्यातून घरात आला, नवरा-बायको आणि चार-पाच वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचला.

मोठ्या शहरांतील बोर्ड गेम कॅफेंमध्ये तो दिसतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलाच्या जिल्ह्यांत तो अधिक सोयीचा ठरावा. कागद, पेन्सिल आणि फासा एवढेच लागते. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढून भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा घरात बसलेल्या मुलांना रील्स नव्हे, गोष्टच पुरते. मात्र इथे हा खेळ खेळताना एक प्रश्न असा येतो, जो अमेरिकेतल्या पुस्तकांत सापडत नाही. त्याकडे पुढे येऊ.

हा खेळ नेमका काय असतो?

सापशिडीत सोंगटी पुढे सरकते, इथे गोष्ट पुढे सरकते. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, 'आता तू काय करतोस?' उत्तर काहीही असू शकते. जमेल की नाही याची खात्री नसेल, तेव्हाच फासा टाकायचा. फाशाने 'नाही' म्हटले की गोष्ट वेगळे वळण घेते. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

उदाहरणासाठी चंद्रपूरच्या स्थापनेची दंतकथा घेऊ. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह रानात गेला असता त्याला विचित्र दृश्य दिसले : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करत होता. कुत्रा पुढे, ससा मागे! राजाने हे राणीला सांगितले. राणी म्हणाली, ही पळापळ ज्या वाटेने झाली, त्याच वाटेवर कोट बांधा. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे दरवाजे असलेल्या परकोटाची गोष्ट अशी सांगितली जाते.

आता हीच गोष्ट खेळात आणायची. बाबा सूत्रधार, आई राणी आणि सहा वर्षांचे पोरगे राजाचा कुत्रा.

'मागून ससा येतोय, समोर झरपट नदी आहे. काय करतोस?'

'मी थांबतो. सशाला विचारतो, तू माझ्या मागे का लागलास?'

हे उत्तर दंतकथेत नाही आणि बाबांनीही त्याची तयारी केलेली नाही. ससा बोलतो का? बोलला तर काय सांगतो? कुत्रा थांबलाच, तर कोटाची भिंत कुठून जाईल? खेळ सुरू होतो तो इथे. त्याआधी बाबा फक्त गोष्ट सांगत होते.

झाडीपट्टीच्या वाचकाला नाटक समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात आणि घरच्या घरे चटया-चादरी घेऊन रात्रभर मंडपात बसतात. पण त्या रंगमंचावर संहिता असते, समोर प्रेक्षक असतात. या खेळात दोन्ही नसते. 'तू आई हो, मी बाबा होते' म्हणणाऱ्या भातुकलीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. फरक नियमांचा. चोर-पोलीस खेळताना 'मला गोळी लागलीच नाही' यावरून जे भांडण होते, ते इथे फासा मिटवतो. बाबांनी नाही म्हटले तर मूल रुसते, फाशाने नाही म्हटले तर ते दुसरी युक्ती शोधते.

सुरुवात मुलांपासूनच

हा मोठ्यांचा खेळ असून तो मुलांसाठी सोपा करून घ्यावा लागतो, असा समज आहे. प्रत्यक्षात पहिले खेळाडू मुलेच होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' तयार केला. १९७४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या एक हजार. त्याआधी अमेरिकेतील लेक जिनिव्हा या छोट्या गावात गायगॅक्स यांनी आपला मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस यांना घेऊन भुयाराचा पहिला मजला खेळून पाहिला. मुलांना तांब्याच्या तीन हजार नाण्यांनी भरलेली पेटी सापडली, पण ती इतकी जड की उचलता येईना. दोघेही हिरमुसले. मुले झोपायला गेल्यावर वडील लगेच भुयाराचा दुसरा मजला आखायला बसले, अशी आठवण गायगॅक्स सांगत.

फासे नसतील तर?

मूळ खेळातला प्रसिद्ध फासा वीस बाजूंचा असतो. ऑनलाइन मागवता येतो, पण त्यासाठी थांबायला नको. लुडोचा साधा फासा पुरतो.

चार वर्षांपासूनच्या मुलांसाठी मार्टिन लॉइड यांनी 'अमेझिंग टेल्स' हा खेळ लिहिला आहे. त्यातला नियम एका ओळीचा आहे : तीन किंवा त्याहून जास्त पडले की जमले. पात्राला चार गुण असतात आणि प्रत्येक गुणासाठी वेगळा फासा : १२, १०, ८ आणि ६ बाजूंचा. ज्यात पात्र तरबेज, त्यासाठी १२ बाजूंचा फासा, म्हणजे फसण्याची शक्यता १२ पैकी २, साधारण १७ टक्के. ज्यात ते कच्चे, त्यासाठी ६ बाजूंचा, म्हणजे ६ पैकी २, साधारण ३३ टक्के. कच्च्या गुणातही मूल तीनपैकी दोनदा यशस्वी होते. लहान मुलांसाठी हे प्रमाण विचारपूर्वक ठेवलेले दिसते, कारण सारखे 'नाही जमले' ऐकले की चार वर्षांचे मूल उठून जाते.

घरात लुडोही नसेल तर चिंचोके. दोन चिंचोके फोडले की चार फाकी होतात, प्रत्येकीची एक बाजू पांढरी, एक काळी. चारही टाकल्या तर १६ प्रकारे पडू शकतात. दोन किंवा जास्त पांढऱ्या पडण्याचे प्रकार त्यातले ११, म्हणजे साधारण ६९ टक्के. लुडोच्या फाशावर तीन किंवा जास्त पडण्याची शक्यता ६७ टक्के. म्हणजे आजीच्या पटावरचे चिंचोके आणि परदेशी खेळाचा नियम जवळपास एकाच जागी येतात! अर्थात, ही आकडेमोड दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतात असे धरून केलेली आहे. चिंचोका गोलसर पाठीचा असतो, त्यामुळे तो तसा पडेलच असे नाही. पन्नास वेळा टाकून वहीत रेघा मारायचे काम दुसरी-तिसरीतले मूल आनंदाने करेल. शक्यता नावाचे प्रकरण त्याच्या पाठ्यपुस्तकात यायला अजून बरीच वर्षे आहेत.

खेळात वाघ आणायचा का?

सुरुवातीला म्हटलेला प्रश्न हाच. या खेळांच्या पुस्तकांत 'जंगलात शिरा, राक्षसाला हरवा' हा ठरलेला प्रसंग असतो. अमेरिकेतल्या मुलासाठी जंगल ही कल्पना आहे. सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली या तालुक्यांत ते घराच्या मागे आहे. राज्यात सर्वाधिक वाघ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसे जंगलात जातात आणि त्याच दिवसांत हल्ल्याच्या बातम्या येतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्या. अशा गावातल्या मुलाला 'झुडपातून गुरगुर ऐकू येते, काय करतोस?' असे विचारणे हा साधा प्रश्न राहत नाही.

वाघ खेळात टाळावा, हा एक मार्ग. पण मूलच त्याला आणण्याची शक्यता मोठी, कारण घरात बोलणे त्याचेच चालू असते. मग त्याला खलनायक करून मारायचे का? ज्या घरात कोणी गेले आहे, तिथे हा खेळ नव्हे, जखमेवर बोट आहे. याउलट, कार्टूनमधला मैत्रीखोर वाघ करणे त्याहून धोक्याचे. शेताच्या बांधावरून शाळेत जाणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला वाघाच्या पाठीवर बसवणारी गोष्ट ताडोबाच्या कडेला सांगू नये, एवढे तरी स्पष्ट आहे. या भागातले जुने लोक वाघदेवाला पुजतात आणि त्याच्यापासून अंतरही ठेवतात. खेळातही वाघ असाच ठेवता येतो : त्याची वाट त्याची, आपली आपली.

मोठ्या खेळाडूंनी यासाठी काही साधने तयार केली आहेत आणि ती मुलांबरोबर जास्त उपयोगी पडतात. खेळाआधी विचारायचे, 'आज गोष्टीत काय नको?' मूल साप म्हणेल, अंधार म्हणेल, वाघ म्हणेल. जे सांगेल ते त्या दिवशी बाहेर. दुसरे साधन 'एक्स कार्ड'. अमेरिकेतील जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांची ही कल्पना. कागदाच्या तुकड्यावर फुली मारून तो मध्ये ठेवायचा. कोणीही तो उचलला की चालू प्रसंग तिथेच सोडून द्यायचा आणि 'का' असे विचारायचे नाही. शेवटची अट सर्वांत अवघड, कारण आपल्याकडे मूल घाबरले की आधी 'त्यात काय घाबरायचं?' हेच विचारले जाते. दक्षिण गडचिरोलीत बंदुकीच्या प्रसंगांनाही हीच काळजी लागू होते.

थोड्या मोठ्या मुलांबरोबर वाघाचा प्रसंग खेळून पाहता येतो. एकटे पुढे जायचे की इतरांची वाट पाहायची? टोपलीभर मोह टाकून परत फिरायचे का? मात्र याचा पाठ करून टाकला की खेळ संपला. मुलांना शिकवणीचा वास फार लवकर येतो.

नवरा-बायकोचे काय?

गायगॅक्स यांच्याबद्दलचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. ते सतत घराबाहेर राहू लागले, तेव्हा त्यांचे दुसऱ्या बाईशी संबंध असावेत असा संशय पत्नी मेरी जो यांना आला. त्या मित्राच्या घरी जाऊन धडकल्या, तर तळघरात नवरा आणि त्याचे मित्र नकाशे पसरून युद्धाचा खेळ खेळत बसलेले! किस्सा गमतीचा, पण पन्नास वर्षांनंतरही ही तक्रार जुनी झालेली नाही.

जोडीदाराला खेळात घ्यायचे तर फक्त बोलावणे पुरत नाही. ज्याला नियम माहीत, तोच कायम सूत्रधार आणि दुसरी व्यक्ती कायम पाहुणी, असे झाले की तिसऱ्या रविवारी खेळ बंद पडतो. रविवारी दुपारी नवरा फासे टाकतो आहे आणि बायको स्वयंपाकघरातून 'हो, मी पण गेले गुहेत' म्हणते आहे, याला एकत्र खेळणे म्हणत नाहीत. आधी भांडी उरकावीत, दोघांनी.

दोघांसाठी वेगळे खेळही आहेत. शॉन टॉमकिन यांचा 'आयर्नस्वॉर्न' (२०१८) सूत्रधाराशिवाय खेळता येतो. 'पुढे काय होते' हे दोघे मिळून फासे आणि तक्त्यांवरून ठरवतात. त्याची डिजिटल आवृत्ती मोफत आहे. मुले झोपल्यावर अर्धा तास मिळत असेल तर एवढा वेळ पुरतो. मुलांसोबतही वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त ताणू नये. 'अजून!' म्हणत असतानाच थांबलेले बरे.

नियम इंग्रजीत आहेत, मग?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुले झाले. त्यांचे मराठीत, गोंडीत किंवा माडियात भाषांतर करून ते वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. मूळ स्रोताचे श्रेय देण्याची अट तेवढी पाळावी लागते. शाळेत एक भाषा आणि घरी दुसरी, अशा मुलांची संख्या या दोन जिल्ह्यांत कमी नाही. हा खेळ बोलून खेळायचा असल्याने घरात चालते तीच भाषा खेळात चालते, मग ती झाडीबोली का असेना.

लहान मुलांसाठी तर भाषांतराचीही गरज नाही. वहीच्या एका पानावर पात्राचे नाव, चार गुण, जवळची एक वस्तू आणि त्याला ज्याची भीती वाटते ती एक गोष्ट लिहायची. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचे. सूत्रधाराने पहिला प्रसंग ओळखीच्या जागी ठेवावा : सिरोंचा तालुक्यातील वडधमला जमिनीत सापडलेले प्राचीन जीवाश्म, मार्कंड्याला उत्तरेकडे वळणारी वैनगंगा किंवा घरामागचा बंद पडलेला बोअर. त्यातून रात्री आवाज का येतो, हे मूलच सांगेल.